पडद्यापलीकडून

साल अडुसष्ट. मी बावीसचा होतो, लग्न नवं होतं. जत्रेतल्या तंबूत भुताचा सिनेमा लागला होता. पडदा मधोमध, अलीकडे आम्ही पुरुष, पलीकडे बायका. भूत एकच, आम्हाला सुलट दिसायचं, त्यांना आरशातल्यासारखं उलटं.

परवा नात म्हणाली, "आजोबा, तो सिनेमा नव्यानं काढतायत. भूत अगदी खरं वाटेल बघा."

मी म्हटलं, काढू नये. मी चौथी नापास, पण एवढं मला कळतं. भूत तेव्हाही खोटंच होतं, पीठ फासलेलं. भ्यालो ते दुसऱ्याच गोष्टीला.

पडद्यावर दार करकरत उघडलं, आतून नुसता हात बाहेर आला आणि फिल्म तुटली. अंधार. तंबू भरलेला, पण काडी ओढायचंही कुणाला सुचेना. तो हात आता कुठवर आला असेल, एवढंच प्रत्येकाच्या मनात. तेवढ्यात पलीकडून माझ्या बायकोचा आवाज आला, "अहो, तुमच्याकडं आलं का ते?"

चारचौघांत नवऱ्याला हाक मारायची तेव्हा रीत नव्हती. तरी कुणी हसलं नाही. सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते.

"नाही," मी म्हणालो. "तिकडं?"

पलीकडून उत्तर आलं नाही.

पुढं फिल्म जोडली, सिनेमा संपला. शेवट आठवत नाही, ती गप्प राहिलेली आठवते. नवा सिनेमा मधेच तुटायचा नाही. मग अंधारात कोण कुणाला विचारणार?

घरी येताना मी तिला सांगितलं, मला काही भीती वाटली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, ती उठायच्या आत, मी परसदाराच्या बिजागरीत तेल सोडलं.