आबांचा अंदाज

आमच्या यावलच्या बागेत केळ निसवली, म्हणजे केळफूल बाहेर डोकावलं, की माझे वडील, आबा, खोडाला हात लावून सांगायचे, "नऊ फण्या." घड उघडला की नऊच. हा अंदाज कधी चुकला नाही, आणि त्याचा तोरा तर विचारूच नका!

त्याच आबांच्या घशात कॅन्सर निघाला. जळगावचे डॉक्टर म्हणाले, गाठीचा तुकडा मुंबईच्या लॅबला पाठवू. त्यात एक मार्कर सापडला तर गाठ किरणांच्या शेकाला चांगली दाद देते, आबा बरे होण्याची आशा वाढते. नाही सापडला तर आशा कमी, असा त्यांचा अंदाज.

मेणात बसवलेला तो तुकडा त्यांनी माझ्याच हाती दिला. शनिवारची संध्याकाळ, कुरिअर बंद, म्हणून घरी आणला. मे महिन्याचं आमचं ऊन! "मेणच ते, वितळीन ना वो माय!" म्हणत आईनं तो ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवला. मी हसले, पण सोमवारपर्यंत फडकं वाळू दिलं नाही मीही. आबा येता-जाता तिकडे बघायचे. "एवढासा तुकडा माझा अंदाज सांगणार का?"

रिपोर्ट आला. मार्कर नव्हता. लपवायचं ठरवलं होतं, पण त्यांच्यासमोर खोटं बोलायला जीभ वळेना. सगळं सांगितलं आणि घळाघळा रडले. आबा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू सकाळपासून जेवली नाहीस. जेवून घे आधी."

शेक संपले तेव्हा आबांचा आवाज पार बसला होता. साधा वरणभात गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. श्रावणात एक केळ निसवली, तशी मी त्यांना धरून बागेत नेलं. खोडाला हात लावून त्यांनी नऊ बोटं दाखवली.

पंधरवड्यानं घड उघडला. मी फण्या मोजल्या, परत मोजल्या. आठ. अरे देवा, आत्ताच हे व्हायचं होतं का? माणसाकडे तेवढंच तर उरलं होतं. तरी सांगितलं.

आबा स्वतः मोजायला आले. आठव्या फणीवर बोट थांबलं. आणि ते हसायला लागले, ठसका लागेपर्यंत हसले. मी पाठ चोळत होते, तर माझा हात घट्ट धरून फाटक्या आवाजात म्हणाले, "माझा चुकला ना पोरी! मग त्यांचाबी चुकू शकतो."