करपलेली पोपटी

परवा पनवेलच्या बाजारात एका भाजीवालीच्या टोपलीत वालाच्या शेंगांशेजारी भांबुर्ड्याचा पाला दिसला. दोन पानं चुरगळून नाकाशी नेली, आणि त्या उग्र वासानं मी दहाएक वर्षं मागे, उलव्याच्या शेतात जाऊन पोहोचलो.

माझा मित्र दत्तू याच्या शेतातली ती शेवटची पोपटी, म्हणजे भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा. जमीन बांधकामासाठी गेली होती, आणि त्याच्या म्हाताऱ्या वडिलांना आपल्या मातीतल्या शेंगा एकदा खायच्या होत्या. पाला आणि शेंगा भरलेलं मडकं उपडं ठेवून दत्तूनं भोवती जाळ केला. "मी बाबांना घेऊन येतो. तू मडक्यावर पानी शिंपडून बघत राहा. चर्र झालं का जाळ बाजूला कर," असं सांगून तो गेला.

मी मात्र एका कथेच्या शेवटाशी अडलो होतो. समोरच्या जाळाकडे बघत मनात वाक्यं जुळवत राहिलो. करपल्याचा वास आला तेव्हा ते दोघं बांधावर पोहोचले होते.

"काय लेखक, गोष्ट तरी शिजली काय?" दत्तू हसला. मला हसता आलं नाही.

बाबांनी काळ्याठिक्कर शेंगा सोलल्या, एकेक दाणा तोंडात घोळवला. "गोड हाय रं," म्हणाले.

ती कथा छापून आली. बाबा आता नाहीत, दत्तूही लांब राहायला गेला. मी घरात एकटाच लिहीत बसतो. कथेचा शेवट जवळ आला की अजूनही उठून स्वयंपाकघरात जातो. गॅसवर काहीच नसतं, तरी बघून येतो.