बंडू आणि दहाव्याचे कावळे

“डॉक्टर, पट्टा तुमच्या हातात आहे. कुत्रा कुठाय?”

निखिलने हे विचारलं तेव्हा बंडू घाटाच्या पायऱ्या उतरून थेट पिंडापर्यंत पोचला होता. खाली बसलेले सगळे कावळे एकदम उडाले. माझ्या हातात रिकामी कॉलर लोंबत होती आणि जमलेली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती.

मी प्राण्यांचा डॉक्टर. दवाखाना अंबरनाथ पूर्वेला. बंडू माझा पेशंट, आणि ज्यांचा दहावा चालला होता ते सामंतसाहेब त्याचे मालक. एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून ऑफिसर म्हणून रिटायर झाले, बदलापूरला फ्लॅट घेतला आणि कुत्रा पाळला. तोही साधासुधा नाही, स्प्रिंगर स्पॅनिएल. लांब कानांचा कॉकर बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो, हा त्याचा थोरला भाऊ समजा. मूळची शिकारी जात. झुडपात घुसायचं, दडलेला पक्षी हुंगून काढायचा आणि मागे उभ्या बंदूकवाल्यासाठी उडवायचा. याला फ्लशिंग म्हणतात. ते शिकवावं लागत नाही, रक्तातच असतं.

आता बदलापुरात शिकार कोण करतंय, पण बंडूला ते कोण सांगणार? सोनिवलीच्या मोकळ्या प्लॉटवर बगळे, टिटव्या, जे बसेल ते तो उडवायचा. साहेब रोज सकाळी त्याला तिकडे न्यायचे. घरी आणलं की कान पुसायचे, पोटाखालच्या केसांत अडकलेली कुसळं एकेक करून काढायचे. गुडघे दुखत असायचे, तरी जमिनीवर बसून.

साहेब गेले तेव्हा त्यांच्या बायकोने, काकूंनी, बंडूला माझ्याकडे बोर्डिंगला ठेवलं. दहाव्याच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला.

“बंडूला घाटावर आणाल का? ह्यांचा फार जीव होता त्याच्यावर.”

“आणतो की. काळजी करू नका काकू, माझ्या हातात तो हूं की चूं करायचा नाही.”

ही माझी शेखी. त्याच संध्याकाळी निखिलचाही फोन आला. निखिल त्यांचा एकुलता एक मुलगा, बंगळुरूला असतो. आईला तिकडे नेणार होता. कुत्र्याचं काय करायचं, हे त्याने मला आधीच विचारलं होतं. मी उल्हासनगरच्या हरीशभाईंशी बोलून ठेवलं होतं. ते ब्रीडर, पिल्लांच्या धंद्यासाठी कुत्री पाळतात. माणूस वाईट नाही, पण त्यांच्याकडे पिंजरे आहेत, माळ नाही. बंडूचं उरलेलं आयुष्य पिंजऱ्यात जाणार हे मला ठाऊक होतं. घाटावरून त्याला परस्पर तिकडे सोडायचं ठरलं.

“आईला नंतर सांगू,” निखिल म्हणाला. मी बरं म्हटलं.

कॉलर कशी निसटली? कॉलर आणि मानेच्या मध्ये दोन बोटं जावीत, जास्त नाही, हे मी रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो. साहेब गेल्यापासून बंडू धड जेवत नव्हता. बारीक झाला होता, कॉलर सैल झाली होती. डोळ्यांसमोर होता माझ्या, आणि मी बघितलं नाही. कावळे दिसताच त्याने मान मागे ओढली आणि सुटला.

कावळे उडवून तो शेपटी हलवत माझ्याकडे परत आला, शाबासकी घ्यायला. मी कॉलर आवळून बांधली आणि त्याला धरून बसलो.

कावळे घाटावरच्या उंबरावर बसून ओरडत होते. एकही खाली येईना. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकलाय, असं आपल्याकडे मानतात. निखिल हात जोडून उभा राहिला.

“बाबा, आईला मी नेतोय. तिची काळजी करू नका.”

काही नाही.

“बाबा, फ्लॅट विकणार नाही.”

काही नाही. गुरुजींना पुढचं काम होतं. “दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ,” ते म्हणाले. गवताचा कावळा करून तो पिंडाला टेकवतात, तशी सोय आहे.

“नको,” काकू म्हणाल्या. “ह्यांचं काहीतरी राहिलंय. गवताच्या कावळ्याने मला झोप लागायची नाही.” आणि त्या रडायला लागल्या.

गावाहून आलेले साहेबांचे धाकटे भाऊ माझ्याकडे वळले. “ह्या कुत्र्याक बघून येणत नाय कावळे.”

“तसं नसतं हो काका,” मी डॉक्टरी आवाजात म्हणालो. “कावळे कुत्र्यांना सरावलेले असतात.”

चक्क खोटं. सरावलेले असतात ते उकिरड्यावर लोळणाऱ्या कुत्र्यांना. आत्ताच अंगावर धावून आलेला स्पॅनिएल समोर थरथरत बसला असताना कुठला कावळा उतरेल? मला हे पहिल्या मिनिटापासून कळत होतं. पण उठलो असतो तर चूक कबूल केल्यासारखं झालं असतं. म्हणून मी बसून राहिलो आणि समोर ती बाई रडत होती.

शेवटी मलाच ते बघवेना. “जरा पाणी पाजून आणतो,” असं पुटपुटून मी बंडूला घेऊन रस्त्यावर गाडीपाशी गेलो. गाडीचं दार उघडतोय तोच खालून आवाज आला, “शिवला, शिवला.”

थोड्या वेळाने काकू स्वतः पायऱ्या चढून गाडीपाशी आल्या. निखिल मागे होता.

“बघितलंत ना? ह्याच्यात अडकला होता जीव. आम्ही घराचं बोललो, माझं बोललो, ह्याचं कोणीच बोललं नाही. मला तर विचारायचीही भीती वाटत होती. तुम्ही त्याला घेऊन निघालात आणि लगेच शिवला. ह्यांना बरोब्बर कळलं कोणाकडे चाललाय ते.” त्यांनी हात जोडले. मग पिशवीतून बंडूचा ब्रश काढून माझ्या हातात दिला. “कान तेवढे रोज पुसा.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी निखिलकडे पाहिलं. तो चपलेने माती उकरत होता. खरं काय ते आम्हा दोघांना माहीत होतं, आणि दोघांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही.

त्या गेल्यावर मी गाडीत बसून हरीशभाईंना फोन लावला.

“डॉक्टर साईं, कब ला रहे हो?”

“नहीं ला रहा.”

“क्यों, बीमार है?”

“नहीं. बीमार होता तो अच्छा था, मेरे को कुछ बोलने को तो होता.”

बंडू आता माझ्याकडे असतो. फ्लॅटमध्ये स्पॅनिएल पाळू नका, असं मी लोकांना सांगतो ते बायकोला पाठ आहे, आणि ती ते मला रोज ऐकवते. सकाळी सोनिवलीला जावंच लागतं. आल्यावर मी जमिनीवर बसून कुसळं काढतो.

या प्रकरणातून धंद्याचं एकच शिकलो. कुत्र्याने जेवण टाकलं की आधी कॉलर तपासावी.

काकूंचा बंगळुरूहून फोन येतो. “त्रास नाही ना देत?” परवा विचारलं तेव्हा बंडूने वेटिंग रूममधल्या पोपटाचा पिंजरा नुकताच पाडला होता आणि पोपटाची मालकीण माझ्यासमोर उभी होती.

“छे हो काकू, फार शहाणा आहे,” मी म्हणालो. घाटावरचं खोटं अजून खुपतं. हे खोटं मात्र मी उजळ माथ्याने बोलतो.