हाशिमचाचांच्या दारातला थांबा

उभी हयात एसटीत कंडक्टरकी केल्यामुळे हाशिमचाचांना प्रत्येक प्रवासी बिनतिकिटाचाच वाटायचा. निवृत्तीनंतर तीच नजर भाडेकरूंवर वळली. खेडात डेपोजवळ त्यांच्या खोल्या होत्या. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीची बस अगदी दारात थांबायची, म्हणून लांबलांबची माणसं तिथे राहायला यायची. एक ओडिशाचा वेल्डर होता, कंपनीच्या दवाखान्यातली नर्स होती आणि वेळणेश्वरकडचा गुरुप्रसाद नुकताच आला होता.

चाचा सकाळपासून पडवीत ठाण मांडून बसत. बाहेर पडणाऱ्याला अडवून विचारत, "कुठे निघालास? कालचा तो पाहुणा कोण? पिशवीत काय आहे?"

गुरुप्रसाद मात्र मागच्या दाराने सटकायचा, तोही उलट्या दिशेला. चाचांच्या मनात पाल चुकचुकली. हा कंपनीत जातच नसणार. एका सकाळी ते गुपचूप त्याच्या मागे निघाले.

तो पुढच्या थांब्यावर जाऊन उभा राहिला. तिथे वेल्डर होता, नर्सही होती. सगळेच सामील आहेत तर, चाचांनी ताडलं. तेवढ्यात बस आली. त्यांनी थेट ड्रायव्हरलाच गाठलं.

"माझ्या दारातला थांबा सोडून ही माणसं इथे का चढतात?"

"तिथे थांबणं मी केव्हाच सोडलंय, चाचा. कोणी उभंच राहत नाही."

चाचांनी गुरुप्रसादला दरडावलं, "का रे?"

तो खाली बघत म्हणाला, "इथे कोणी काही विचारत नाही, चाचा."

"म्हणजे? मी असं काय विचारतो?"

सगळे घाईघाईने बसमध्ये चढले.