काजूबोंडांची चटणी

तोंडवलीच्या किनाऱ्यावर सत्यवान परब डुकराचं मटण निखाऱ्यावर भाजतो आणि काजूबोंडांच्या आंबटगोड चटणीसोबत वाढतो. पूर्वी तो आतल्या गावात काजूची बाग करायचा. एका सकाळी बोंडं वेचताना झुडपातून रानडुक्कर थेट अंगावर आलं. सुळ्यांनी त्याची मांडी गुडघ्यापर्यंत फाडली आणि तो पडल्यावर ते पुन्हा वळून आलं. सत्यवानाने कोयता त्याच्या मानेत घातला, तरी ते हटेना. ओरडा ऐकून धावत आलेल्या त्याच्या बायकोने, तुळसाने, चिऱ्याचा तुकडा उचलून डुकराचं डोकं ठेचलं. ते गार पडलं तरी ती ठेचतच राहिली.

"सोड गो, मेलो तो!" सत्यवान कळवळून ओरडला, तेव्हा कुठे ती थांबली.

पाय कायमचा आखडला, बागेची चढण झेपेना, म्हणून दोघांनी इथे दुकान थाटलं. मांस पाळीव डुकरांचं असतं, तरी ओळखीचे विचारतात, "सूड घेतंस काय रे?"

"सूड कसलो? तो पोटासाठी इल्लो, मीय पोटासाठीच भाजतंय."

चटणी तुळसा करते. मांस कापायला मात्र ती सुरी हातात धरत नाही. आपले हात आपलं ऐकत नाहीत, हे तिने एकदा पाहिलंय.