जन्मगाव खाडीपलीकडचं

लिहायला बसलो आहे खरा, पण हे काम माझं नव्हे, याची मला जाणीव आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पाटीवर अक्षर गिरवलेलं नाही, आणि मीही प्रयोगांच्या वह्या सोडल्या तर आजवर काही लिहिलेलं नाही. माझ्याजवळ सांगण्यासारखा प्रवास नाही की पराक्रम नाही. काही कागदांची हकिगत आहे, तीही पुष्कळशी माझ्याच चुकांची. वाचणाऱ्याला वेळ फुकट गेला असं वाटलं तर त्याने क्षमा करावी. आमच्या किनाऱ्यावरचा एखादा मुलगा पुढेमागे असे फॉर्म भरायला बसेल, त्याच्या उपयोगी पडावं म्हणून भीत भीत लिहितो.

एकोणीसशे तीस सालाच्या थोडं आधीची गोष्ट. मी मुंबईच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. आमच्या प्राध्यापकांच्या खटपटीने मला इंग्लंडातल्या एका विद्यापीठात जागा मिळाली. कापडाच्या रंगांचं रसायनशास्त्र तिथे शिकवत. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हावं, असं त्यांच्या पत्रात होतं. जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा भार एका धर्मादाय फंडाने उचलायचं कबूल केलं, पण तेवढ्याच वर्षापुरतं. म्हणजे सप्टेंबरच्या मध्याला सुटणारी आगबोट मला गाठायला हवी होती. ती चुकली तर सगळं संपलं, असं मी धरून चाललो होतो.

पासपोर्ट नावाची वस्तू मी तोवर पाहिलेली नव्हती. जूनच्या सुरुवातीला मुंबईच्या कचेरीतून फॉर्म आणला आणि वसतिगृहातल्या खोलीत बसून सुवाच्य अक्षरात भरला. एका रकान्यात जन्मस्थान विचारलं होतं. तिथे मी माझ्या आजोळचं गाव लिहिलं, कारण मी तिथेच जन्मलो होतो. सोबत शाळेचा दाखला जोडला.

खिडकीमागच्या कारकुनांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"जन्म कुठला तुमचा?"

"फॉर्मवर लिहिलंय ते गाव. मुरूडच्या वाटेवर आहे."

"मग शाळेच्या दाखल्यावर रेवदंड्याजवळचं गाव कसं?"

"ते माझ्या वडिलांचं गाव."

"अहो, वडील कुठले ते नाही विचारत मी. तुम्ही कुठले?"

"मी आजोळी जन्मलो. पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना."

रांगेतला माझ्या मागचा माणूस मोठ्याने हसला. कारकूनही हसले. "ते मला ठाऊक आहे हो. गेल्याच महिन्यात मीही बायकोला पोचवून आलो. पण माझी सासुरवाडी ठाण्यात. तुमच्या वडिलांची सासुरवाडी परमुलखात!"

परमुलूख हा शब्द मी आजोळच्या गावाबद्दल पहिल्यांदाच ऐकला. आमच्या गावाखाली खाडी आहे. अलीकडे इंग्रज सरकार, आणि होडीने पलीकडे उतरलं की जरा पुढे जंजिरा संस्थानचा, नवाबसाहेबांचा अंमल. शाळेत नकाशावर ते दोन रंगांत दाखवलेलं असे. पण आमच्या लेखी सरहद्द म्हणजे नाक्यावरच्या शिपायाने बायकांच्या टोपल्यांत दारूची बाटली आहे का ते पाहायचं, एवढीच. सुना तिकडून येत, लेकी तिकडे जात. मूल आईच्या घरी जन्माला येई, पण त्याचं गाव बापाचं. मला शाळेत घालताना मास्तरांनी वडिलांना विचारलं असेल, पोरगा कुठला? वडिलांनी आपलं गाव सांगितलं, मास्तरांनी तेच जन्मस्थान म्हणून लिहिलं. दोघांनाही त्यात खोटं काही वाटलं नसणार.

"म्हणजे एका कागदाने तुम्ही सरकारची प्रजा, दुसऱ्याने संस्थानची," कारकून म्हणाले. मग आवाज उतरवून त्यांनी एक कोरा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "दाखल्यावर आहे तेच लिहा आणि पुढच्या आठवड्यात या."

मी फॉर्म घेतला. बाहेरच्या पायऱ्यांवर बसून जन्मस्थानाच्या रकान्यापर्यंत आलो. खाली छापलं होतं, वरील मजकूर खरा असल्याचं मी शपथेवर सांगतो, खोटा आढळल्यास शिक्षेस पात्र राहीन. माझा हात पुढे जाईना. यात प्रामाणिकपणाचं श्रेय मला घेता येत नाही. मला भीती वाटली. पहिला फॉर्म त्यांनी पाहिलेला होता. बोटीच्या धक्क्यावर कुणी अडवलं, मागे आणलं, तर वडिलांनी तोंड कुठे दाखवायचं? दुसऱ्या दिवशी मी कोरा फॉर्म परत केला.

कारकुनांनी तो खणात टाकला. "तुमचं कठीण आहे," ते म्हणाले. पण माणूस मायाळू होता. ते आत जाऊन वरिष्ठांना विचारून आले. मुलगा बाहेर जन्मला तरी बाप सरकारी मुलखात जन्मलेला असेल तर मुलगा सरकारचीच प्रजा ठरतो. "वडिलांच्या जन्माचा पुरावा आणा. मग तुमच्या मातोश्री कुठे का जाईनात!"

त्या रात्री मला शांत झोप लागली. दुसऱ्या दिवशी धरमतरची बोट धरून मी घरी आलो. वडील मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. पावसाळ्यासाठी मचवा वर ओढून माडाच्या झापांनी शाकारलेला होता आणि ते त्याच्या आडोशाला दोर वळत बसले होते. मी उभ्या उभ्याच विचारलं, "बाबा, तुमचा जन्म इथलाच ना?"

"माजा?" त्यांनी दोर पायाच्या अंगठ्यात अडकवला. "न्हाय रं. माजी आय दिघीची. मी तितंच झालो."

"दिघीला?"

"व्हय. थोरला ना मी. आन् माजा बाप बी तिकडंच झाला. आपल्या घरात समदी थोरली पोरं खाडीपल्याडची. धाकटी तेवडी हितली."

मी मचव्याला टेकून खालीच बसलो. माझा धाकटा भाऊ, माझे दोन्ही काका, सगळे सरकारची प्रजा होते. विलायतेला जायचं होतं मला. वडिलांना कायदा समजावून सांगितला तेव्हा त्यांनी दोर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मी येतो मुंबईला. सायबासमोर हुबा ऱ्हातो, सांगतो मी हितलाच म्हून. मला कोन वळीकतं तितं?"

"नको बाबा. शपथ घ्यावी लागते."

आई दारातून ऐकत होती. ती माझ्यावरच उखडली. "मी काय हौसेनं गेले व्हते? तुज्या आजीनं सातव्या म्हयन्यात होडीत बसवलं मला. रीत हाय ती. तवा कुनाला म्हाईत, तू लंडनला जाशील म्हून?"

पुन्हा मुंबईला जाऊन चौकशी करण्यात महिना गेला, आणि आता एकच वाट उरली होती. संस्थानची प्रजा म्हणून दरबारातून दाखला मिळवायचा, तो संस्थानावर इंग्रज सरकारने नेमलेल्या पोलिटिकल एजंटमार्फत मुंबईला जाणार, मग पासपोर्ट. जुलैच्या मध्याला मी मामांना बरोबर घेतलं आणि भर पावसात दोन दिवस चालत मुरूडला गेलो.

तिथल्या कचेरीत एक वयस्कर मुसलमान मुनशी होते. त्यांनी आम्हाला आधी अंग पुसायला पंचा दिला, मग कागद पाहिले. "आमची रयत म्हणवता बेटा. मग इतकी वर्षं होता कुठे? इथे तुमचं घर नाही, जमीन नाही, दफ्तरात नाव नाही."

"जन्म इथला आहे माझा, साहेब."

"जन्माला येऊन दुसऱ्या महिन्यात गेलात. याला मेहमान म्हणतात." ते हसले, पण मला हसता आलं नाही. बहुधा माझ्या चेहऱ्याकडे पाहूनच त्यांनी माझ्या आजोळच्या पाटलाचं जन्माचं बुक मागवून घेतलं. त्यात माझ्या आजोबांच्या नावापुढे एवढंच होतं, मुलीस मुलगा झाला. नोंद बारशाच्या आधीची, त्यामुळे नाव नाही. हा मुलगा मीच, हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

मामा परत गेले आणि चार दिवसांनी सुईणीला बैलगाडीत घालून घेऊन आले. तिला दिसत कमी होतं. तिने माझ्या तोंडाजवळ तोंड आणून मला न्याहाळलं. "ह्योच काय? तवा लई काळा व्हता." सगळी कचेरी हसली. मुनशींनी दरडावून विचारलं, "म्हातारे, नक्की सांग, हाच का?" तेव्हा ती भडकली. "नाळ मी कापलीया का तुमी?" तिचा अंगठा कागदावर उमटला आणि माझा दाखला तयार झाला. पण वरच्या सह्या व्हायला ऑगस्ट अर्धा गेला.

दाखला पोलिटिकल एजंटकडे जायचा होता, आणि ते साहेब म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे कलेक्टर. त्यांची कचेरी अलिबागला, माझ्या घरापासून सकाळी निघालं तर जेवायच्या आत पोचता येईल इतकी जवळ. मी मुनशींना म्हणालो, मीच नेऊन देतो. ते म्हणाले, "सरकारी लखोटा माणसाच्या हाती देत नाहीत, बेटा. टपालाने जाईल." निघताना त्यांनी आणखी एक विचारलं. "विलायतेतल्या कॉलेजवाल्यांना कळवलंत का, उशीर होतोय म्हणून?"

"नाही," मी म्हणालो.

"कळवा."

मी मान डोलावली. पण कळवलं नाही. माझ्यासारख्याने साहेबांना कारणं लिहून पाठवायची म्हणजे उद्धटपणा होईल असं वाटे. त्याहून मोठी भीती ही, की अडचण आहे असं कळताच ते म्हणतील, हा नको, दुसरा घ्या. न कळवता वेळेत पोचलो तर कुणाला काही कळणारच नाही. दोनदा मी कागद पुढे ओढला, वर तारीख घातली आणि फाडून टाकला.

ऑगस्टच्या अखेरीपासून मी एक दिवसाआड अलिबागला चालत जाऊ लागलो. व्हरांड्यात उभा राहायचो. पट्टेवाला मला ओळखू लागला होता. मी काही विचारायच्या आधीच तो मान हलवी. कागद मुरूडहून आला होता, पण माझ्या वर्तणुकीबद्दल पोलिसांकडून विचारणा व्हायची होती. ती कुठल्या पोलिसांकडून व्हावी? संस्थानच्या गावात मी कधी राहिलो नव्हतो आणि आमच्या गावात, कागदाप्रमाणे, मी परका होतो. या प्रश्नात दोन आठवडे गेले. वाटेत भेटणारे लोक विचारत, "काय विलायती पाव्हणं, अजून हितंच?" मी हसून पुढे जाई. आईने लोकरीची बंडी, दोन धोतरं, लोणच्याची बरणी असं बांधून ठेवलं होतं. ते गाठोडं डोळ्यांपुढे नको म्हणून मी जेवायला पडवीत बसू लागलो, आणि मग जेवेनासा झालो. एक दिवस खाडीच्या काठी बसलो असताना मनात आलं ते इथे लिहीत नाही. वडील मागून येऊन शेजारी बसले. भरती पुरी होईपर्यंत माझ्या मनगटाला धरून बसले.

ठरलेल्या दिवशी आगबोट मुंबईहून गेली. त्या दिवशी मी घराबाहेर पडलो नाही.

पोलिसांची विचारणा कशीबशी उरकली आणि पासपोर्ट दसऱ्यानंतर तयार झाला. मुंबईला जाऊन मीच तो घेतला. त्याच कारकुनांनी तो खिडकीतून दिला आणि म्हणाले, "आता जा." निळ्या पुठ्ठ्याच्या त्या पुस्तकात माझा फोटो होता, जन्मस्थान बरोबर लिहिलेलं होतं, आणि तो पाच वर्षं चालणार होता. मी तसाच फंडाच्या चिटणिसांकडे गेलो. ते म्हणाले, "तिकडे सत्र सुरू झालं असेल. तुम्हाला अजून घेतात का, ते लेखी येऊ द्या. मग तिकीट काढू."

त्या संध्याकाळी मी विद्यापीठाला पत्र लिहिलं. खाडी, आजोळ, दाखले, सगळं सांगितलं आणि मला उशिरा का होईना दाखल करून घ्यावं अशी विनंती केली. चार पानं झाली. टपाल जायला तीन आठवडे, यायला तीन आठवडे. मी गावी येऊन थांबलो. मचवा पाण्यात गेला, वडील कामाला लागले. टपालवाला वाडीच्या तोंडाशी दिसला की आई हातातलं काम टाकून उभी राही.

डिसेंबरात एका दुपारी पाकीट आलं. वडील जेवायला आले होते. त्यांनी हात धुतला आणि समोर बसले. "वाच. जोरानं वाच," ते म्हणाले.

पत्र पाच ओळींचं होतं, टंकलेखन केलेलं आणि सभ्य. मी एकेक ओळ वाचून त्यांना मराठीत सांगत गेलो. माझं पत्र मिळालं. माझ्या अडचणीबद्दल त्यांना खेद वाटतो. मी पहिल्या आठवड्यात आलो नाही आणि काही कळवलंही नाही, म्हणून मला यायचं नाही असं समजून जागा दुसऱ्या विद्यार्थ्याला दिली. सत्राआधी एका ओळीने जरी उशीर होणार म्हणून कळवलं असतं, तर त्यांनी ती माझ्यासाठी नाताळपर्यंत राखून ठेवली असती.