दिवस फेडणारी अनसूया

रेवा, ईशान,

परवा फोनवर रेवा म्हणाली, "आजी, मी इतकी थकलेय की ही सेमिस्टर सोडून द्यावीशी वाटते." मी "जेवतेस ना वेळेवर?" एवढंच विचारलं, कारण हल्ली मला फोनवर फार बोलवत नाही. फोन ठेवल्यावर मात्र अनसूया आठवली. ती गेल्या वैशाखात वारली. तिला ओळखणारं आपल्या घरात माझ्याशिवाय कुणी नाही, आणि माझंही आता वय झालं आहे. म्हणून लिहून ठेवते. यातून सेमिस्टर सोडावी की पूर्ण करावी हे काही कळणार नाही. अनसूया कशी होती, एवढंच कळेल. सावकाश वाचा, अडलं तर आईला विचारा.

अनसूया वाळंज बसल्या बसल्या झोपायची. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेही झोपलेलीच. साठच्या आसपासची गोष्ट. एम.ए.ला प्रवेश घेऊन मी विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात ट्रंक घेऊन पोहोचले, तर खोलीत खिडकीजवळच्या खाटेवर एक काळीसावळी मुलगी पाठ ताठ ठेवून, मांडीवर पुस्तक उघडून, डोळे मिटून बसलेली. मला वाटलं जप चालला आहे. व्यत्यय नको म्हणून मी दारातच उभी राहिले. मेसची घंटा झाली तशी तिने डोळे उघडले, न दचकता पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "कवाची उभी हायेस?" मग लगेच सावरून, "म्हणजे, केव्हापासून उभी आहेस?"

तिच्याकडे अशा दोन मराठी होत्या. एक वर्गातली आणि एक दमल्यावरची. ती बहुतेक वेळा दमलेलीच असल्यामुळे मला दुसरीच जास्त ऐकायला मिळाली. सकाळी ती शहरात दोन घरी शिकवण्या करायची, तिथून सायकल रेटत वर्गाला यायची, संध्याकाळी ग्रंथालयात पुस्तकं लावायची. मी सरकारी इंजिनिअरची, इंग्रजी शाळेतून आलेली मुलगी. दमणं म्हणजे टेनिस खेळून झाल्यावर जे वाटतं ते, अशी माझी समजूत होती.

तिचं गाव मुळशी खोऱ्यात, धरणाच्या पाण्यापलीकडे. आजोबांची चांगली जमीन पाण्याखाली गेलेली. वर डोंगराच्या अंगाला भाताची चार खाचरं उरली होती, आणि घरात उरली होती फक्त आई. वडील अनसूया शाळेत असतानाच गेले. मुलीने शिकावं ही त्यांची इच्छा, म्हणून आईने तिला पुण्यात मामाकडे ठेवलं आणि खाचरं एकटीने सांभाळली. एकटीने म्हणजे इर्जिकीवर. ही पद्धत तुम्हाला ठाऊक नसणार. आषाढात आवणी, म्हणजे भाताची रोपं उपटून चिखलात पुन्हा लावायचं काम, सगळ्या गावात एकाच वेळी येतं. तेव्हा आज सगळ्या बाया तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही त्यांच्या. पैसा कुणी कुणाला देत नाही, दिवसाला दिवस द्यायचा. ज्या घरातून हात जात नाही, त्या घरी कुणी येत नाही. अनसूयेची आई गुडघ्यांनी अधू झाली होती, चिखलात उभं राहणं तिला जमेना. त्यामुळे वाळंजांच्या घरचा हात म्हणजे अनसूया. आवणी लागली की ती एस.टी.ने पौडला, पुढे मिळेल त्या वाहनाने आणि मग होडीने घरी जायची.

आणि नेमकी तेव्हाच आमची पहिली टर्म ऐन रंगात असायची. हजेरी कमी भरली की टर्म नामंजूर, टर्म नामंजूर झाली की परीक्षेला बसता येत नाही, म्हणजे वर्ष गेलं. फीची सवलत टिकायची तर वर्ष वाया घालवणं तिला परवडणारं नव्हतं.

त्यावर वसतिगृहाचा जुना उपाय होता, प्रॉक्सी. विभागप्रमुख सर कॉमन पेपरला मोठ्या वर्गात हजेरी घ्यायचे, मान खाली घालून, नुसते नंबर पुकारत. आमच्याच मजल्यावरची मालती, नगरच्या वकिलांची मुलगी, यात तरबेज होती. अनसूया आवणीला गेली की तिच्या नंबराला मालती नाकातून "प्रेझेंट" म्हणायची, पुढच्या दिवशी मी घोगऱ्या आवाजात. सरांना कधी संशय आला नाही.

अनसूया परत आली ती हातापायांच्या बोटांमध्ये चिखल्या घेऊन. तिला हे कळलं तेव्हा तिने आभार मानले नाहीत. ती खाटेवर बसली आणि विचारू लागली, "मालती, तू माझे किती दिवस काढलेस? आन शरू, तू?"

"अगं, मोजलेत कुणी?" मालती म्हणाली.

"मोजाया नगं? फेडायचं कसं मग?"

"वेडी आहेस का? यात काय फेडायचंय?"

"दिस घेतला तर दिस द्यायचा," अनसूया म्हणाली. "आंग मोडलं तरी चालंल, दिस मोडू न्हाई."

हे तिचं नेहमीचं वाक्य. आम्ही हसलो आणि विसरलो. ती विसरली नाही. काही दिवसांनी मालती डेक्कनला मॅटिनीला गेली, आणि हजेरीला मालतीचा नंबर आला तशी अनसूया उभी राहिली. उभं राहायची पद्धतच नव्हती. शिवाय आपल्या नंबराला ती थोड्याच वेळापूर्वी "हजर" म्हणाली होती, आणि आताही त्याच आवाजात, या खाचरातून त्या खाचरात जाईल इतक्या मोठ्याने, "हजर" म्हणाली.

सरांनी मान वर केली. "तुमचं नाव?"

"अनसूया वाळंज."

"हा नंबर तुमचा आहे?"

"नाही सर, मालतीचा. ती आज नाही. तिचा दिवस माझ्याकडे होता."

"म्हणजे काय?"

आणि तिने सांगितलं. आवणी, इर्जिक, कुणी तिचे दिवस काढले, ती ते कशी फेडते आहे, सगळं. तिच्या दृष्टीने यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. गावात कुणी विचारलं, आज तू त्यांच्या खाचरात का, तर माणूस जसं सांगेल तसं तिने सांगितलं. मागच्या बाकांवर पोरं बाकं बडवायला लागली. सरांनी लाल पेन्सिल काढली आणि तिच्या नावापुढच्या आषाढातल्या सगळ्या खुणा खोडल्या. मालतीच्या आणि माझ्याही घरी पत्रं गेली. माझ्या वडिलांनी मला काय सुनावलं ते इथे लिहीत नाही.

अनसूयेची टर्म नामंजूर झाली. मालती तिच्याशी बरेच दिवस बोलत नव्हती. अनसूया रडली नाही. "भाताचंबी जातं की एखादं साल," म्हणाली, आणि सवलत गेल्यामुळे आणखी एक शिकवणी धरली. तेव्हापासून ती उभ्यानेसुद्धा झोपू लागली. मेसच्या रांगेत मी तिला मागून धरून ठेवायची.

पुढच्या जूनला आम्ही दुसऱ्या वर्षात गेलो, ती पुन्हा पहिल्यात बसली. पाऊस लागला तसा तिचा चेहरा उतरत गेला. या खेपेला टर्म गेली असती तर तिला वसतिगृहात ठेवून घेतलं नसतं, हे रेक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि ती आवणीला गेली नसती तर आईची खाचरं ओस पडली असती. एका संध्याकाळी ती पिशवी भरायला लागली. मालती खाटेवर पाय हलवत बसली होती. ती म्हणाली, "काय गं, तुमच्या घरून एक माणूस लागतं ना? ते माणूस तूच असायला हवंस असं कुणी सांगितलंय?"

"मग कोन? तू?"

"मी आणि शरयू."

अनसूया पहिल्यांदाच मोठ्याने हसली. "तुमाला चिकलात उभं तरी ऱ्हाता येईल का? आन मी ते फेडू कसं?"

"माझ्या घरी पत्र धाडलंस ना? त्यात फिटलं समज," मालती म्हणाली. त्या दोघींचा अबोला तिथे संपला.

होडीतून उतरलो तेव्हा अनसूयेची आई काठी टेकत पाण्याजवळ आली होती. लेकीच्या जागी दोन परक्या मुली पाहून तिने पहिलं विचारलं, "आजारी हाय का ती?"

"नाही मावशी, ती वर्गात आहे. तिच्या बदली आम्ही आलोय."

तिने आमचे हात हातात घेऊन उलटसुलट पाहिले, बाजारात भेंडी बघावी तसे. मग बाकीच्या बायांकडे वळून म्हणाली, "दोगी मिळून येक धरा." त्यावर एक म्हातारी म्हणाली, "आन येक तरी व्हईल का, ते सांजच्याला बघू."

मग काय झालं ते माझ्या कमरेला अजून आठवतं. पाठीवर बांबूचं आणि पानांचं इरलं, गुडघाभर चिखल, आणि दिवसभर वाकलेलं अंग. बायांच्या ओळी सरळ जात होत्या, आमच्या ओळी वाट फुटेल तिकडे. मी रोप इतकं खोल खुपसायची की ते दिसेनासं व्हायचं, मालतीचं रोप पाण्यावर तरंगायचं. "मास्तरीणबाई, तुमच्या रोपाला झोप आली जणू," ती म्हातारी म्हणायची आणि आमच्या मागून येऊन गुपचूप सगळं पुन्हा लावायची. जेवता जेवता मी भिंतीला टेकून झोपी गेले, तेव्हा अनसूयेच्या झोपेचं कोडं मला उलगडलं. पण आम्ही पळालो नाही. गावातल्या प्रत्येक घरी गेलो, आणि शेवटी सगळ्या बाया वाळंजांच्या खाचरात उतरल्या.

इकडे विद्यापीठात अनसूया रोज वर्गात बसत होती, आणि फक्त आपल्याच नंबराला हजर म्हणत होती. दुसऱ्या वर्षाच्या हजेरीत आम्ही दोघी दिसेनात, म्हणून सरांनी तिलाच बोलावून विचारलं. तिने याही वेळी खरं ते सांगितलं, "आवणीला गेल्यात सर, माझ्या घरी." सरांनी हजेरीपुस्तक मिटलं. आम्ही परतल्यावर मात्र त्यांनी मला व्हरांड्यात थांबवलं.

"भात नीट लावलंत का?"

"नाही सर. वाकडंतिकडं झालं."

"साहजिक आहे. ट्युटोरियलही तुम्ही तशीच लिहिता." आणि ते पुढे गेले. दोन पावलांवर थांबून, मागे न बघता म्हणाले, "वाळंज यांची हजेरी भरते आहे."

अनसूयेची टर्म मंजूर झाली, आम्हा दोघींचीही कशीबशी निभावली, आणि पुढे ती दुसऱ्या वर्गात एम.ए. झाली. पुण्यात तिला प्राध्यापकी मिळत होती. तिने मुळशी तालुक्यातल्या एका शाळेत नोकरी धरली. मालती चिडली. "एवढं मर मर मरून हे?" तिने विचारलं. अनसूया म्हणाली, "हितनं घर दिसतं." याहून मोठं कारण तिने कधी दिलं नाही, आणि मला वाटतं, याहून मोठं कारण नव्हतंही.

शाळेत पहिल्याच आषाढात मुलींचे बाक रिकामे पडले. सलग गैरहजर म्हणून नावं कमी करायचा नियम होता, आणि नाव कमी झालं की मुलीचं लग्नच ठरायचं. अनसूयेने आवणीच्या पंधरवड्यात शाळा बंद ठेवून ते दिवस दिवाळीच्या सुट्टीत भरून काढायची परवानगी मागितली. ती मिळायला बरीच वर्षं लागली. या कचेरीतून त्या कचेरीत जाता जाता तिचे केस पांढरे झाले. मिळाली तेव्हा शिक्षक दिवाळी बुडाली म्हणून कुरकुरले, आणि गावाला त्यात विशेष काही वाटलं नाही. "आवणीला शाळा बंदच असतीया की," असं एका पालकाने तिलाच सांगितलं.

शेवटची भेटले ती फाल्गुनात. इथून, भूगावहून, मी गाडी करून तिच्याकडे गेले. ती पलंगावर पडून होती, पाठ टेकून. तिला मी असं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "शरू, लई दमले गं."

"मग पड ना जरा. कुणी नको म्हटलंय?"

"तुझा येक दिस ऱ्हायलाय माझ्याकडं."

"तो फिटला असं धर. मालतीने तर तिचा केव्हाच माफ केलाय."

"मालतीचा न्हवं, तुझा. हजेरीतला." मग डोळे मिटून घेतले. मी बराच वेळ बसले, आणि ती झोपली असं पाहून निघाले.

मालती आधीच गेली, आता अनसूयाही. वाळंजांची खाचरं तिच्या चुलत पुतण्याने विकली, तिथे एका बिल्डरने बंगल्यांचे प्लॉट पाडले आहेत. इर्जिक बंद पडली. त्या शाळेतल्या बहुतेक मुलांच्या घरी आता भात नाही, आणि आवणी कशी करतात हे त्यांतल्या निम्म्यांना माहीत नसेल. पण आषाढ लागला की शाळेच्या फाटकावर अजून पाटी लागते, आवणीची सुट्टी, आणि पंधरा दिवस कुणाचीही गैरहजेरी लागत नाही.